जुना बेलर दुरुस्त करणे आणि शेतात चालवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती नेमक्या कोणत्या यंत्रांबद्दल आहे?

ट्रॅक्टरच्या मागे ओढले जाणारे, पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या, यंत्राला शक्ती देणाऱ्या फिरत्या शाफ्टवर) चालणारे आणि वाळलेल्या गवताचे दोन सुतळ्यांनी बांधलेले लहान चौकोनी गठ्ठे करणारे जुने बेलर हा या प्रश्नोत्तरांचा मुख्य विषय आहे. गवत ओळीतून उचलणारा, स्वतःच दाबणारा आणि स्वतःच गाठ मारणारा बेलर १९४० च्या सुमारास अमेरिकेत न्यू हॉलंड कंपनीने बाजारात आणला; त्याचा मूळ आराखडा एड नोल्ट यांचा होता. गाठ मारण्याची युक्ती मात्र त्याहून बरीच जुनी आहे. धान्याच्या पेंढ्या बांधणाऱ्या यंत्रासाठी जॉन अॅपलबी यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस जी गाठयंत्रणा सिद्ध केली, तिचेच वंशज आजही बेलरवर बसलेले दिसतात. एखादा बेलर पन्नास वर्षांचा असला तरी त्याचे तत्त्व आजच्या यंत्रापेक्षा फारसे वेगळे नसते, आणि म्हणूनच तो दुरुस्त करण्यात अर्थ असतो.

जुना बेलर विकत घेण्याआधी काय तपासावे?

रंग, टायर आणि पत्र्याच्या झाकणांवरून यंत्राविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. पाहायचे ते पुढील क्रमाने पाहावे. आधी नॉटरजवळ, म्हणजे गाठ मारणाऱ्या यंत्रणेजवळ, जाऊन बिलहुक, म्हणजे पक्ष्याच्या चोचीसारखा तो फिरता आकडा, बोटाने चाचपावा. तो गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर यंत्र अलीकडेपर्यंत वापरात होते असे समजावे. त्यावर खोल खाचा पडल्या असतील किंवा चोचीचे टोक झिजून बोथट झाले असेल तर तो भाग बदलण्याचा खर्च हिशेबात धरावा. त्यानंतर सुतळी नॉटरपर्यंत नेणाऱ्या दोन्ही सुया पाहाव्यात. वेल्डिंग केलेली सुई दिसली, की ती मोडली का होती हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावा, कारण सुई आपल्या आपण मोडत नाही. बहुधा तिच्यावर प्लंजर, म्हणजे गवत दाबणारा मोठा ठोकळा, आदळलेला असतो.

मग चेंबरच्या, म्हणजे गवत दाबले जाते त्या पेटीच्या, आत विजेरी मारून तळाचा पत्रा पाहावा. वरवरचा तांबूस गंज चिंतेचा नसतो, पण पत्रा पापुद्रे सुटून पातळ झाला असेल किंवा कोपऱ्यात आरपार गेला असेल तर ते काम मोठे असते. फ्लायव्हील, म्हणजे यंत्राचे जड फिरते चाक, दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे आणि वर-खाली हलवावे. खळखळ जाणवली तर बेअरिंग किंवा गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट झिजलेला असतो. गिअरबॉक्सचे तेल काढण्याची मुभा मिळाली तर तीही घ्यावी, कारण दुधाळ तेल म्हणजे आत पाणी शिरलेले आणि चमकदार कण दिसले म्हणजे दातांचे किंवा बेअरिंगचे तुकडे.

पिकअपचे, म्हणजे ओळीतले गवत उचलणाऱ्या भागाचे, दोन-चार दाते तुटलेले असणे, साखळ्या सैल असणे, टायर फुटलेले असणे या गोष्टींवर किंमत पाडून घ्यावी, पण त्यांच्यामुळे सौदा मोडू नये. सौदा मोडायचाच झाला तर तो नॉटर, गिअरबॉक्स आणि चेंबर या तीन गोष्टींवर मोडावा.

बरीच वर्षे उभ्या असलेल्या यंत्राला थेट पीटीओ जोडून पाहिले तर चालेल का?

अजिबात नाही, आणि या पानावरून एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ती हीच राहावी. उभ्या यंत्रात उंदरांनी घरटी केलेली असतात, प्लंजर रुळांना गंजाने चिकटलेला असतो, सुयांचा ब्रेक सैल झालेला असतो आणि नॉटरच्या बुशमधले (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीतले) ग्रीस दगडासारखे झालेले असते. अशा यंत्राला ट्रॅक्टरची शक्ती मिळाली, की जे अडकलेले असेल ते मोडते.

आधी चेंबरमधले जुने गवत पूर्ण काढावे. हे गवत वर्षानुवर्षे ओल धरून बसते आणि पत्रा खाते. मग रुळ, सांधे आणि साखळ्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून यंत्र दोन-तीन दिवस तसेच ठेवावे. ट्रॅक्टर जोडलेला नसताना फ्लायव्हील हाताने, यंत्राच्या चालण्याच्या दिशेनेच, हळूहळू फिरवावे. बहुतेक यंत्रांवर ही दिशा बाणाने दाखवलेली असते. उलट फिरवल्यास नॉटरचे भाग एकमेकांत अडकून वाकू शकतात. हात जड लागेल तिथे थांबावे आणि कारण शोधावे. माझ्या पहिल्या बेलरचे फ्लायव्हील अर्ध्या फेऱ्यावर येऊन अडत होते. मी लांब पहार लावून जोर केला आणि नंतर पाहिले तर फीडरच्या (गवत चेंबरमध्ये ढकलणाऱ्या भागाच्या) साखळीत गेल्या हंगामातली तार गुंडाळलेली होती. पाच मिनिटांत निघाली असती अशी तार मी शाफ्ट वाकवून काढली.

प्लंजरचे किमान दहा-पंधरा पूर्ण फेरे हाताने सहज होत नाहीत, तोपर्यंत ट्रॅक्टरकडे जाऊच नये.

प्लंजर आणि चाकूंचे काय करावे लागते?

प्लंजर हा पुढे-मागे धावणारा मोठा ठोकळा असून त्याच्या एका कडेला चाकू बसवलेला असतो. चेंबरच्या तोंडाशी दुसरा, स्थिर चाकू असतो. फीडरने आत ढकललेल्या गवताचा प्रत्येक थर हे दोन चाकू कात्रीप्रमाणे कापतात. चाकू बोथट झाले किंवा त्यांच्यातले अंतर वाढले, की गवत कापले न जाता दोन पात्यांमध्ये फरफटते, फ्लायव्हीलवर धक्के बसतात, ट्रॅक्टर प्रत्येक ठोक्याला हुंदका दिल्यासारखा हलतो आणि गठ्ठ्याच्या एका बाजूला गवताची दाढी लोंबत राहते. जड चालणाऱ्या जुन्या बेलरचा दोष लोक गिअरबॉक्समध्ये शोधतात. मला तो बहुतेक वेळा चाकूंमध्ये सापडला आहे.

दोन पात्यांमधले अंतर साधारण अर्धा मिलिमीटर असावे, आणि ०.८ मिलिमीटरच्या पुढे ते जाऊ देऊ नये. मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तोच प्रमाण मानावा. मोजणी फीलर गेजने (फटीत सरकवून मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी करावी. अंतर वरखाली सारखे नसेल तर प्लंजरचे रोलर, किंवा काही जुन्या यंत्रांत असतात ते कठीण लाकडाचे सरक-ठोकळे, झिजलेले असतात. ते बदलल्याशिवाय चाकू जुळवण्यात वेळ घालवू नये, कारण जुळवलेले अंतर दहा गठ्ठ्यांतच बिघडते.

सुयांचे टायमिंग म्हणजे काय, आणि ते चुकले तर काय होते?

गठ्ठा ठरलेल्या लांबीचा झाला, की नॉटरचा क्लच जोडला जातो आणि दोन्ही सुया चेंबरच्या तळातून वर येऊन सुतळी नॉटरपर्यंत पोहोचवतात. या क्षणी प्लंजर थांबलेला नसतो. तो गवत दाबत पुढे गेलेला असतानाच त्याच्या खाचांमधून सुया वर जातात, म्हणजे प्लंजर स्वतःच गवत मागे रोखून धरतो आणि सुईला मोकळी वाट मिळते. ही वेळ थोडी जरी चुकली तरी सुई एक तर गवतात घुसून वाकते, नाही तर प्लंजरच्या लोखंडावर आपटते.

टायमिंग तपासताना नॉटर हाताने ट्रिप करावा, म्हणजे गाठीचा फेरा सुरू करून द्यावा, फ्लायव्हील हळू फिरवावे आणि सुईचे टोक चेंबरच्या तळाच्या पातळीला आले त्या क्षणी प्लंजरचा पुढचा चेहरा सुईच्या किती पुढे आहे ते मोजावे. नेमके अंतर मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून ते मॅन्युअलमधूनच घ्यावे. फरक असल्यास नॉटरकडे जाणारी साखळी किंवा शाफ्ट सोडवून दात पुढे-मागे करावे लागतात. साखळी बदलण्यापूर्वी दोन्ही दातचक्रांवर खडूने खूण करून ठेवली, तर हे सगळे काम वाचते.

सुया खाली, आपल्या जागी नसतील तेव्हा चेंबरमध्ये एक लोखंडी अडसर पुढे येतो आणि प्लंजरला थांबवतो. त्या धक्क्याने फ्लायव्हीलचा शिअर बोल्ट, म्हणजे जास्त ताण आला की आधी तुटावा म्हणून ठेवलेला बोल्ट, तुटतो आणि सुया वाचतात. हा अडसर गंजून बसला असेल तर तो आधी मोकळा करावा. अनेक जुन्या यंत्रांत तो तारेने बांधून ठेवलेला आढळतो, कारण कोणाला तरी बोल्ट बदलण्याचा कंटाळा आलेला असतो. सुयांना जागेवर धरून ठेवणारा छोटा ब्रेकही तितकाच महत्त्वाचा असून, तो सैल असेल तर खड्ड्यातून जाताना सुया आपोआप वर उचलल्या जातात.

नॉटर गाठ कशी मारतो? ते समजून घेणे खरोखर आवश्यक आहे का?

आवश्यक आहे, आणि त्यासाठी वाचण्यापेक्षा पाहणे उपयोगी ठरते. नॉटर रॉकेल आणि ब्रशने स्वच्छ करावा, सुतळी ओवावी आणि सोबत कोणाला तरी फ्लायव्हील अतिशय हळू फिरवायला सांगून स्वतः विजेरी घेऊन शेजारी बसावे. पाहणाऱ्याने ‘थांब’ म्हटल्यावर फिरवणाऱ्याने खरोखर थांबले पाहिजे, आणि फ्लायव्हील फिरत असताना बोटे नॉटरच्या आत नसली पाहिजेत.

सुतळीचे एक टोक मागच्या गठ्ठ्यापासूनच खाचांच्या चकतीत पकडलेले असते. तिथून सुतळी खाली उतरते, तयार होणाऱ्या गठ्ठ्याला वळसा घालते आणि सुईच्या डोळ्यातून सुतळीच्या पेटीकडे जाते. सुई वर आली, की ती दुसरा पदर त्याच चकतीच्या पुढच्या खाचेत आणून ठेवते. चकती थोडी फिरते आणि दोन्ही पदर एका स्प्रिंगच्या पट्टीखाली घट्ट धरले जातात. आता बिलहुक एक पूर्ण फेरा घेतो. त्या फेऱ्यात दोन्ही पदर त्याच्याभोवती गुंडाळले जातात, फेरा संपत असताना त्याची जीभ उघडते, दोन्ही पदर तोंडात घेते आणि मिटते. चाकूचा हात पुढे येऊन चकती आणि बिलहुक यांच्यामध्ये सुतळी कापतो आणि त्याच हाताचा वाकलेला भाग बिलहुकवरचा वेढा पुढे पुसून काढतो. वेढा सुटताना तोंडात धरलेली टोके त्याच्यातून ओढली जातात आणि गाठ बसते. चकतीत उरलेले टोक पुढच्या गठ्ठ्याची सुरुवात ठरते.

नव्याने सुतळी ओवल्यावर पहिल्या खेपेला गाठ बसणार नाही, कारण चकतीत आधीचा पदर नसतो. त्यामुळे पहिली खेप सोडून द्यावी आणि दुसऱ्या खेपेपासून निरीक्षण करावे.

गाठी चुकत आहेत. दोष कसा ओळखावा?

सुटलेल्या गठ्ठ्यावरची सुतळी फेकून देऊ नये. तिच्या टोकांवर सगळे लिहिलेले असते. गाठ एकाच पदरात पडलेली असेल आणि दुसरा पदर मोकळा असेल, तर सुईने आणलेली सुतळी चकतीत किंवा बिलहुकवर नीट पोहोचली नाही असे समजावे. अशा वेळी सुई वाकली आहे का, ती वर पुरेशी येते का, आणि सुतळीला आत ढकलणारे बोट जागेवर आहे का, ते पाहावे. टोके चकतीतून निसटल्यासारखी लांब आणि गाठीविना असतील तर चकतीची पकड सैल आहे. उलट टोके चेमटलेली, तंतू तुटलेली आणि गाठीजवळच सुतळी तुटलेली असेल तर पकड गरजेपेक्षा घट्ट आहे.

गाठ नीट बसते, पण बिलहुकवरच अडकून राहते आणि पुढच्या ठोक्याला सुतळी तुटते, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. याची तीन कारणे आलटून-पालटून भेटतात. बिलहुक गंजाने खरखरीत झालेला असतो, त्याच्या जिभेवरचा दाब जास्त असतो, किंवा पुसणारा हात बिलहुकला नीट घासून जात नाही. पहिले कारण बारीक घासकागदाने दहा मिनिटांत दूर होते, म्हणून तिथूनच सुरुवात करावी. जिभेचा दाब कमी करताना नटचा पाव फेरा पुरेसा असतो. दाब फार कमी झाला, की जीभ टोके धरूच शकत नाही आणि गाठीऐवजी साधा वेढा उरतो. हात वाकलेला असेल तर तो हलक्या हाताने वाकवून बिलहुकच्या पाठीला घासून जाईल इतका जुळवावा.

कापलेली टोके झाडूसारखी पिंजारलेली असतील तर चाकूला धार लावावी. फक्त डावीकडची किंवा फक्त उजवीकडची गाठ चुकत असेल तर चांगल्या चालणाऱ्या बाजूशी तुलना करावी, यासारखा उत्तम शिक्षक नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, किती फेरे बदलले ते लिहून ठेवावे आणि पाच-सहा गठ्ठे बांधून पाहिल्यावरच पुढच्या गोष्टीला हात लावावा. दोन स्क्रू एकदम फिरवणारा माणूस संध्याकाळपर्यंत मूळ जागाही विसरून जातो.

सुतळी कोणती वापरावी?

जुने नॉटर सिसलच्या (घायपाताच्या जातीच्या वनस्पतीच्या तंतूंच्या) सुतळीसाठी बनवलेले असतात आणि शक्य तिथे तीच वापरावी. प्लास्टिकची सुतळी चालते, पण ती निसरडी आणि बारीक असल्यामुळे चकतीची पकड आणि जिभेचा दाब नव्याने जुळवावा लागतो; शिवाय गठ्ठा सोडताना तिचे तुकडे चाऱ्यात जाऊ नयेत याची काळजी घ्यावी लागते, कारण ते जनावरांच्या पोटात पचत नाहीत. गुंडाळी आतल्या टोकाकडून उलगडते, बाहेरून नव्हे. कोणते टोक आतले हे बहुधा वेष्टनावर छापलेले असते. वेष्टन काढून फेकण्याआधी ते पाहावे. दोन गुंडाळ्या जोडताना चपटी गाठ मारून टोके आखूड कापावीत, नाहीतर तीच गाठ सुईच्या डोळ्यात अडकते.

शिअर बोल्ट पुन्हा पुन्हा तुटतो. जास्त कणखर बोल्ट टाकला तर?

मग बोल्टऐवजी सुई, प्लंजरचा दांडा किंवा गिअरबॉक्स तुटेल. शिअर बोल्ट हा मुद्दाम कमकुवत ठेवलेला भाग आहे आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या मापाचा व प्रतीचाच बोल्ट तिथे असावा. फार मऊ बोल्टही चालत नाही, कारण तो कारण नसताना तुटत राहतो.

बोल्ट तुटण्याची कारणे शोधताना आधी तो बसतो त्या भोकाकडे पाहावे. जुन्या यंत्रांत ही भोके लंबगोल झालेली असतात. बोल्ट त्यात हलतो, प्रत्येक ठोक्याला थोडा थोडा कापला जातो आणि काही गठ्ठ्यांनी तुटतो. त्यावर बुश बदलणे हाच उपाय आहे. भोके ठीक असतील तर बोथट चाकू, ओळीतले ओले गुंते, गठ्ठ्याच्या घट्टपणाचे स्प्रिंग फार आवळलेले असणे आणि पीटीओ झटक्याने जोडण्याची सवय, यांपैकी एक कारण असते. काम थांबवताना चेंबर गवताने भरलेला आणि प्लंजर अर्ध्यावर असेल, तर पुन्हा सुरू करताना बोल्ट हमखास तुटतो. म्हणून थांबण्यापूर्वी ओळीतून बाहेर पडून यंत्राला काही ठोके रिकामे चालू द्यावे.

किती ताकदीचा ट्रॅक्टर लागतो?

सपाट जमिनीवर लहान चौकोनी बेलरला ३० ते ३५ अश्वशक्ती पुरते. त्याहून मोठा ट्रॅक्टर हवा असतो तो शक्तीसाठी नव्हे, तर वजनासाठी, कारण प्लंजरचा प्रत्येक ठोका ट्रॅक्टरला पुढे-मागे ढकलतो आणि उतारावर हलका ट्रॅक्टर बेलरच्या मर्जीने चालू लागतो. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांचाच असावा. १००० फेऱ्यांच्या पीटीओला अॅडॉप्टरने जोडलेला जुना बेलर काही मिनिटांत भंगार होऊ शकतो.

ट्रॅक्टरला लाइव्ह पीटीओ नसेल, म्हणजे क्लच दाबल्यावर चाके आणि पीटीओ एकदमच थांबत असतील, तर दोन अडचणी येतात. ओळीत जाड ढीग आला आणि क्लच दाबला, की बेलरही थांबतो आणि त्या ढिगाने गुदमरतो. आणि क्लच दाबूनही फ्लायव्हीलचा जडपणा पीटीओमार्फत ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतो. दुसऱ्या अडचणीवर एकाच दिशेने शक्ती देणारा फ्रीव्हील कपलर बसवणे हा खात्रीचा उपाय आहे. १९४०-५० च्या दशकांतल्या अनेक बेलरवर व्हिस्कॉन्सिनसारखे हवेने थंड होणारे स्वतंत्र इंजिन बसवलेले असे ते याच कारणाने. असे यंत्र मिळाले आणि इंजिन चालू स्थितीत असेल तर ते काढून टाकण्याची घाई करू नये.

गवतात किती ओलावा असताना गठ्ठे बांधावेत?

लहान चौकोनी गठ्ठ्यांसाठी १८ टक्क्यांच्या आसपासचा ओलावा योग्य मानला जातो आणि २० टक्क्यांच्या वर बुरशीचा धोका सुरू होतो. यंत्राविषयीच्या निम्म्या तक्रारी खरे तर ओल्या गवताच्या असतात. गठ्ठे जड होतात, चाकू फरफटतात, सुतळी ताणाने तुटते आणि दोष नॉटरवर येतो.

मीटर नसेल तर ओलावा वजनाने काढता येतो. ओळीच्या मधून आणि तळातून मिळून १०० ग्रॅम गवत घ्यावे, बारीक कापावे आणि मायक्रोवेव्हमध्ये शेजारी पाण्याचा पेला ठेवून थोडे थोडे वाळवावे. वजन कमी होणे थांबले, की उरलेले ग्रॅम १०० मधून वजा करावेत. ८२ ग्रॅम उरले तर ओलावा १८ टक्के होता. हाताने पाहायचे झाल्यास देठाचे पेर नखाने खरवडावे, कारण पाने कुरकुरीत झाली तरी पेरात ओल राहते. लसूणघासासारख्या पानाळ चाऱ्याचे दुखणे उलटे असते. तो भर दुपारी कोरडा असताना बेलरमध्ये घातला, तर पानांचा चुरा शेतात आणि काड्या तेवढ्या गठ्ठ्यात येतात. त्यासाठी सकाळी दवाचा किंचित ओलसरपणा असतानाच काम सुरू करावे.

ओले गठ्ठे रचले गेले असल्याची शंका असेल तर पहिले काही आठवडे रचलेल्या ढिगाच्या आतले तापमान पाहत राहावे. ६५ अंश सेल्सियसला पोहोचलेला ढीग रोज तपासावा आणि ७० च्या पुढे गेल्यावर दर काही तासांनी. ८० अंशांच्या जवळ आलेला ढीग स्वतः उकरू नये, कारण हवा मिळताच आतली धग पेटू शकते. आधी अग्निशमन दलाला बोलवावे.

गठ्ठे वाकडे येतात, लांबी कमी-जास्त होते. काय करावे?

केळ्यासारखा वाकलेला गठ्ठा म्हणजे एका बाजूला गवत जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी जात आहे. फीडरचे काटे गवत चेंबरच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत पोहोचवत नसतील तर त्यांची जागा पुढे करावी. ओळ फार बारीक असेल तर ती दुहेरी करून घ्यावी. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगचा ताण वेगळा असला तरी हेच होते, म्हणून स्प्रिंगची लांबी पट्टीने मोजून सारखी करावी.

लांबी चेंबरवरच्या दातेरी चाकाने मोजली जाते. ते गवतावर घासत फिरते आणि ठरलेल्या फेऱ्यांनंतर नॉटर ट्रिप करते. त्याचे दात बोथट असतील किंवा ते घसरत असेल तर एक गठ्ठा हातभर आणि पुढचा दीड हाताचा निघतो. एका गठ्ठ्यात १२ ते १८ थर असतील इतक्या वेगाने ट्रॅक्टर चालवावा. फार कमी आणि जाड थर असतील तर लांबीत फरक पडणारच, कारण नॉटर थराच्या मध्ये कधीच ट्रिप होत नाही. वेग ट्रॅक्टरच्या गिअरने बदलावा, पीटीओचे फेरे कमी करून नव्हे.

यंत्राला रंग कधी द्यावा?

सगळ्यात शेवटी, किमान शंभर-दोनशे गठ्ठे विनातक्रार बांधून झाल्यावर. चेंबरच्या आत मात्र रंग कधीही देऊ नये. गवत सरकण्यासाठी आतला पत्रा घासून चकचकीत झालेला हवा असतो, आणि रंगावर किंवा गंजावर ते चिकटते. गंजलेल्या चेंबरमधून पहिले गठ्ठे काढताना ताणाचे स्प्रिंग सैल ठेवावेत आणि पत्रा चकाकू लागला, की हळूहळू आवळावेत.

जुना रंग खरवडताना मास्क वापरावा, कारण त्यात शिसे असू शकते. तसेच जुन्या क्लचच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्यामुळे तिथली धूळ हवेच्या दाबाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

वंगण किती आणि कुठे?

नॉटरला वारंवार पण थोडे ग्रीस, साखळ्यांना तेल, आणि गिअरबॉक्सला मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रतीचे तेल. बिलहुकच्या जिभेवर ग्रीसचा गोळा नको. त्यावर चुरा बसून तो घासकागदाचे काम करतो. ज्या निपलमध्ये ग्रीस जात नाही तो बदलावा. त्याच्याकडे दुर्लक्ष केले, की तोच बुश त्याच हंगामात जातो.

काम करताना कोणती काळजी घ्यावी?

पिकअपमध्ये अडकलेले गवत चालू यंत्रातून हाताने किंवा पायाने काढू नये. दाते गवत माणसाच्या प्रतिक्रियेपेक्षा वेगाने आत ओढतात आणि हातातले गवत सोडेपर्यंत हात आत गेलेला असतो. पीटीओ बंद करावा, इंजिन बंद करून किल्ली खिशात घालावी आणि फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. इंजिन बंद झाल्यावरही ते बराच वेळ फिरत राहते. नॉटरजवळ काम करण्याआधी फ्लायव्हील अडकवून ठेवावे, कारण एखाद्याने सहज फिरवले तरी सुया वर येतात. पीटीओ शाफ्टवरचे संरक्षक आवरण जुन्या यंत्रांवर हटकून गायब असते. दुरुस्तीच्या यादीत ते नॉटरच्या आधी लिहावे.

जुना गोल बेलर घ्यावा का?

अॅलिस-चाल्मर्सचा रोटो-बेलर १९४७ मध्ये आला आणि तो लहान गोल गठ्ठे करत असे. गठ्ठ्याभोवती सुतळी गुंडाळली जात असताना प्रत्येक वेळी ट्रॅक्टर थांबवावा लागे. त्याचे पट्टे आणि रोलर सुस्थितीत असतील तर छंद म्हणून ते सुंदर यंत्र आहे. रोजच्या कामासाठी, सुटे भाग मिळण्याच्या दृष्टीने, चौकोनी गठ्ठ्यांचा बेलर जास्त सोयीचा पडतो.

हंगाम संपल्यावर यंत्र कसे ठेवावे?

शेवटचा गठ्ठा चेंबरमध्ये सोडून देण्याची सवय मोडावी. गवत पूर्ण काढून ताणाचे स्प्रिंग सैल करावेत, चेंबरच्या आतून तेलाचा हात फिरवावा, आणि नॉटर व सुया स्वच्छ पुसून त्यांवर ग्रीसचा पातळ थर द्यावा. पाण्याचा जोरदार फवारा बेअरिंगजवळ मारू नये. कोरड्या हवेने किंवा झाडूने चुरा काढावा. सुतळीची पेटी रिकामी ठेवावी, नाहीतर उंदीर तिथेच बाळंत होतात. हंगामात जे जे खटकले, म्हणजे उजव्या नॉटरने केव्हा दगा दिला, कोणता स्क्रू किती फिरवला, कुठल्या बेअरिंगला हात लावला तर ते गरम लागत होते, ते कागदावर लिहून तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि सुतळीच्या रिकाम्या पेटीतच ठेवावा.